शेपूचा चढ

यंदाही तसंच झालं. एप्रिलभर राखाडी आभाळ आणि अंगाला चिकटणारी भुरभुर. आणि शाळेच्या फाटकावर ‘परीक्षा सुरू आहेत, शांतता राखा’ अशी पाटी लागली मात्र, लख्ख ऊन पडलं. इथे वर्षातलं सगळ्यात सुंदर ऊन नेमकं परीक्षेच्या दिवसांत पडतं आणि मुलं ते हॉलच्या उंच खिडक्यांतून बघतात. आमच्या शेजारचा मुलगा बागेत पालथा पडून उजळणी करतोय. मध्येच शिंकतो, डोळे चोळतो, पुन्हा पान उलटतो. रस्त्याच्या टोकाच्या हॉर्स चेस्टनटच्या झाडावर पांढरे तुरे उभे राहिलेत. कोणीतरी लॉन कापतंय.

इंग्लंडमधल्या आमच्या या मेडनहेड गावच्या लोकांना या दिवसांत कापलेल्या गवताचा वास येत असेल. मला बुचाचा, ताज्या कापलेल्या लाकडाचा आणि बारीक चिरलेल्या कोथिंबिरीचा येतो. सईच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, वर्षाचा तो वास आहे.

सई माझी मुलगी. आणि शेपू तिचा सरडा.

शेपू आमच्याकडे आला तेव्हा सई प्रायमरी शाळेत होती. वर्गात पाळलेला तो ‘बिअर्डेड ड्रॅगन’, म्हणजे गळ्याखाली काटेरी दाढी असलेला वाळूच्या रंगाचा सरडा. त्याची देखभाल करणाऱ्या बाई शाळा सोडून चालल्या होत्या आणि त्याला घर हवं होतं. सईने वर्गात हात वर केला आणि मग घरी येऊन आम्हाला विचारलं. प्रसन्न, माझा नवरा, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. धडधडत्या हृदयांची माणसं तो शांतपणे झोपवतो, पण भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढतो. तो म्हणाला, “ही पाल या घरात येणार असेल तर मी जातो.” पाल आली आणि तोही राहिला. लहानग्या सईला ‘शेपूट’ म्हणता यायचं नाही, ती नुसतं ‘शेपू’ म्हणायची, तेच नाव पडलं. माझ्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “भाजीचं नाव कुणी सरड्याला देतं का गं?”

त्याचं घर म्हणजे हॉलच्या खिडकीजवळ ठेवलेली चार फुटी लाकडी पेटी, पुढून काचेची. एका टोकाला उन्हाचा दिवा, दुसऱ्या टोकाला सावली, आणि सावलीतून दिव्याखाली चढत जाणारी एक वाकडी फांदी, तिच्या शेंड्याशी सपाट दगड. सकाळी दिवा लागला की शेपू तुरुतुरु फांदी चढायचा, दगडावर पोट टेकून ऊन खात बसायचा, आणि खिडकीतून समोरच्या छपरावरच्या कबुतरांवर नजर ठेवायचा. कबुतरं उडाली की त्याची दाढी काळी व्हायची. वर्षानुवर्षं आमची सकाळ अशीच उजाडली.

त्या वर्षी वसंतात तो फांदीवरून पडला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, पाय घसरला असेल. मग पुन्हा पडला. मग आमच्या लक्षात आलं की त्याचे मागचे दोन्ही पाय चालत नव्हते, नुसते ओढले जात होते. पुढच्या पायांनी तो अंग खेचायचा आणि मागचं धड ओल्या फडक्यासारखं त्याच्यामागून यायचं.

सरड्यांचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाई गावाबाहेर होत्या. सईने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. एक्स-रे झाला. पाठीचे मणके म्हातारपणाने एकमेकांना चिकटत चालले होते. बाईंनी दुखण्यावर थेंब लिहून दिले आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “दुखणं मी कमी करू शकते. पाय परत आणू शकत नाही. तो आपला आपण उन्हापर्यंत आणि खाण्यापर्यंत पोचत नसेल, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा विचार आपण करायला हवा. हाफ-टर्म झाल्यावर पुन्हा घेऊन या, तेव्हा ठरवू.”

मेच्या अखेरची ती हाफ-टर्मची सुट्टी म्हणजे सईच्या पेपरांच्या बरोबर मधोमध. परतताना घराजवळच्या राउंडअबाउटला मी गाडी वळवली तेव्हा ती म्हणाली, “आई, तू कामावर काय करतेस?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे, मला माहीत आहे तू ओटी आहेस. पण तू ॲक्च्युली काय करतेस? एखादी आजी पडली, आता तिला चालता येत नाही. तू तिच्या घरी जातेस. मग?”

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आणि इथल्या मराठी मंडळींत हे काम कुणाला धड माहीत नाही. गणपतीला, दिवाळीला मंडळाच्या हॉलमध्ये भेटलं की लोक प्रसन्नला विचारतात, “कुठली स्पेशालिटी?” आणि मला विचारतात, “तुम्ही फिजिओ ना?” मी हो म्हणून टाकते. माझ्या गाडीच्या डिकीत खुर्चीखाली लावायचे उंच पाय, कमोडची उंच बैठक, आंघोळीचा फळा असलं सामान कायम असतं. सई लहानपणी मैत्रिणींसमोर डिकी उघडायला लाजायची. आणि आता, अठराव्या वर्षी, फिजिक्सचा पेपर तोंडावर आलेला असताना, ती मला माझं काम विचारत होती.

मी तिला जवळच्या कुकम गावच्या एका बाईंची गोष्ट सांगितली. नव्वदीच्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. सगळे त्यांना विचारत होते, जिना चढता येतो का, आंघोळ जमते का. मी विचारलं, तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करायचंय? त्या म्हणाल्या, सकाळी पडदे उघडायचेत. बाकी कुणीही काहीही करो, पडदे माझे मी उघडणार. मग आम्ही पलंगापासून हाताला येईल अशी दोरी बसवली. त्या दोरीच्या जोरावर त्या पुढे उठून बसायला लागल्या, आणि मग उभ्या राहायला.

“दॅट्स इट?” सई म्हणाली. “विचारायचं?”

“विचारायचं. पण शेपू बोलत नाही.”

“मग बघत बसायचं,” ती म्हणाली.

आधी मात्र आम्ही दोघींनी जे सुचेल ते केलं. फांदी काढली, दगड काढला. वाळू काढून खाली खरखरीत फरशा टाकल्या. दिवा खाली आणला, वाटीच्या जागी बशी आली. सगळं एका पातळीवर, सगळं तोंडाशी. पडायला जागाच उरली नाही. प्रसन्नने लांबूनच बघून मान डोलावली, “मस्त. एकदम आयसीयू.”

आणि शेपू खायचा बंद झाला.

तो उबेत असायचा. बशी समोर असायची, आणि त्यात सईने नखाएवढी चिरलेली कोथिंबीर, भोपळा, अधूनमधून एखादा किडा. तो बघायचासुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडून राहायचा. वॉर्डमध्ये अशी पाठ मी पुष्कळदा पाहिलेली आहे. घरातली भांडीकुंडी आवरून, गालिचे गुंडाळून, सगळं सुरक्षित करून मुलं निघून जातात, आणि मागे राहिलेलं माणूस भिंतीकडे वळतं.

सईने उजळणीचं टेबल पेटीसमोर आणलं. मेकॅनिक्सची गणितं सोडवता सोडवता ती त्याच्याकडे बघायची. आमच्या हॉलमध्ये त्या दिवसांत तीनच आवाज: पेन्सिलीचा, दिव्याच्या बारीक गुणगुणीचा, आणि बाहेर कबुतरांचा. प्रसन्नची चुळबुळ चालू होती. स्वयंपाकघरात मला हळूच म्हणायचा, “अगं, ऑफर हातात आहे तिच्या, पण ग्रेडच्या अटीवर. एडिनबराचं इंजिनिअरिंग. एका सरड्यापायी ग्रेड गेली तर?” त्याची भीती खोटी नव्हती. मलाही तीच वाटत होती. पण मी पोरीचा चेहरा बघत होते. परीक्षेच्या नुसत्या काळजीने तो इतके दिवस कोमेजलेला होता. आता त्यावर काम दिसत होतं.

एका सकाळी तिने मला हाक मारली. “आई, लवकर ये. हे बघ.”

दिवा नुकताच लागला होता. शेपूने डोकं उचललं होतं. पूर्वी जिथे फांदीचा बुंधा होता त्या रिकाम्या कोपऱ्यात तो अंग खेचत गेला, आणि पुढचे दोन्ही पाय भिंतीवर टेकवून वर बघत राहिला. थरथरत होता. मग घसरून खाली आला. पुन्हा पाय टेकवले.

“रोज करतो,” सई म्हणाली. “रोज लाइट लागली की. त्याला ऊब नकोय गं, ती तर मिळतेय. त्याला वर जायचंय. खालून त्याला खिडकी दिसत नाही.”

मी खाली बसून पाहिलं. खरंच, पेटीच्या तळातून खिडकीची चौकट तेवढी दिसत होती. आभाळ नाही, छप्पर नाही.

“पण वर नेलं तर पडेल गं,” मी म्हटलं.

“मग पडणार नाही असं वर नेऊ,” ती म्हणाली. “तू त्या आजीला पडदे उघडू नका असं सांगितलंस का?”

मला मनातून आनंदच झाला, आणि मी लॉफ्टची शिडी काढायला उठले.

मग आमच्या हॉलचा कारखाना झाला. लॉफ्टमधून जुन्या बुकशेल्फची फळी खाली आली. चढ किती उभा चालेल हे ठरवायला सईने फळीखाली एकेक पुस्तक सरकवत शेपूला चालवून पाहिलं. केमिस्ट्रीचं जाड पुस्तक त्या कामी पहिल्यांदा मनापासून वापरलं गेलं, असं तीच म्हणाली. मग पृष्ठभाग. कापडात त्याची नखं अडकली. बाथरूमच्या रबरी मॅटवर पोट चिकटलं. शेवटी बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, जाड तक्ता आणला. त्यात नख रुततं आणि सुटतंही. मी पंजाखाली बोट धरून बघितलं तेव्हा ती पकड मला कळली: घट्ट आणि म्हातारी. मी मागच्या पायांना हलका आधार द्यायचे आणि सई पुढून कोथिंबिरीची काडी धरायची. दिवाणावर बसून प्रसन्न म्हणायचा, “माझी बायको पालीला फिजिओ देतेय.” मी म्हणायचे, “ओटी.” सई म्हणायची, “ओटी, बाबा!”

पहिला चढ तयार झाला. एका बाजूने वर, शेवटी रुंद फळी, कडेला बांबूच्या कामट्यांचा ठेंगणा कठडा. शेपू वर गेला. सई टाळ्या वाजवणार इतक्यात थांबली. तो दिव्याखाली तोंड उघडून बसला होता. ऊन पुरे झालं की हे सरडे तोंड उघडतात आणि मग सावलीत जातात. हा गेला नाही. पुढचे पाय मागे रेटायचा प्रयत्न करत होता, मागचं धड फळीवर आडवं होत होतं. सईने त्याला झटकन उचललं. पोट चांगलंच तापलं होतं.

ती त्याला छातीशी धरून सावलीच्या खिडकीपाशी उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. “तो मागे येऊ शकत नाही,” ती म्हणाली. “आई, त्याला रिव्हर्स येत नाही. मी त्याला मारलंच असतं.”

“मारलं नाहीस. बघितलंस,” मी म्हटलं. “मी नुसती तो वर गेला म्हणून खूश होते.”

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांना उठवण्या-चालवण्याचं काम करूनही ती गोष्ट मला दिसलेली नव्हती. मागे जायला मागचे पाय लागतात, जागच्या जागी वळायलाही लागतात. ज्याला फक्त पुढे जाता येतं त्याच्यासाठी वर जाणारी वाट केली, तर तिलाच पुढे खाली उतरावं लागेल.

“लूप,” सई म्हणाली. अजून नाक ओढत होती. “चढ मागच्या भिंतीने. वर दिव्याखालून पुढे. आणि काचेच्या बाजूने उतार, थेट सावलीत. त्याला कुठेच जागच्या जागी वळायला नको. ऊन जास्त झालं की नुसतं पुढे चालायचं.”

फळीचा दुसरा तुकडा कापला. कोपरे गोल केले. उताराच्या पायथ्याशी सावली, सावलीत बशी, आणि बशीच्या पुढे पुन्हा चढाची सुरुवात. दिव्याची उंची बदलली होती म्हणून ऊब पुन्हा बेतायला हवी होती, आणि इथे प्रसन्न उठला. कपाळासमोर धरायचा असतो तसला, लांबून ताप मोजणारा थर्मामीटर घेऊन तो पेटीसमोर गुडघ्यांवर बसला. इंचाइंचावर उष्णता मोजत, “इथे फार. दिवा वर. अजून. आता ठीक,” असं सांगत राहिला. जास्त तापलं तर दिवा आपोआप मंद व्हावा म्हणून लावलेल्या यंत्राची तार त्याने स्वतः चिकटवली. त्या भरात त्याचं मनगट शेपूच्या शेपटीला लागलं. तो दचकला, पण हात काढला नाही.

“थंडगार आहे गं,” तो म्हणाला. सईकडे न बघता. “मला वाटायचं बुळबुळीत असेल.”

दुसऱ्या दिवशी सईचा फिजिक्सचा पेपर होता. ती लवकर निघून गेली. मी सुट्टी घेतली होती, चहा घेऊन पेटीसमोर बसले. दिवा लागला. शेपूने डोकं उचललं आणि सवयीने त्या जुन्या कोपऱ्याकडे वळला. आता तिथे चढाची सुरुवात होती. त्याने पंजा बुचावर ठेवला. थांबला. मान तिरकी करून वर पाहिलं. मी हात मांडीखाली दाबून धरले. मदत न करणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

नखं रुतली. खेच. थांब. खेच. मागचे पाय कठड्याला घासत येत होते, पण येत होते. वर पोचायला त्याने चहा निवेपर्यंत वेळ घेतला. मग फळीवर पोट पसरलं, मान उंच केली, आणि खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या छपरावर एक जाडं कबूतर बसलं होतं. शेपूची दाढी हळूहळू काळी झाली.

त्या क्षणी मी रडले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुरेसं ऊन खाऊन झाल्यावर त्याने तोंड उघडलं आणि पुढे चालू लागला. उतारावरून, थोडा घसरत, कठड्याला धरून, सावलीत. बशीशी आला. कोथिंबीर खाल्ली.

दुपारी दारात किल्ली वाजली. इथल्या सगळ्या आया त्या महिन्यात दार उघडताना एकच प्रश्न विचारतात. मी तो विचारला नाही.

“शेपू एक फेरी मारून आला,” मी म्हटलं. “आपला आपण.”

सईने बॅग तिथेच टाकली. काचेला कपाळ लावून ती बराच वेळ बसली. शेपू दुसऱ्यांदा वर गेला होता आणि झोपला होता. पेपर कसा गेला हे तिने मला रात्री जेवताना सांगितलं. एक मोठा प्रश्न अर्धा राहिला होता. सांगताना ती दुसऱ्यांदा वरणभात वाढून घेत होती.

हाफ-टर्मनंतर डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर त्याची फेरी बघितली. एकदा बघून त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. त्याचं वजन केलं, ते थोडं वाढलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे कुणी केलं? तुम्ही या क्षेत्रातल्या आहात का?”

“मी आहे,” मी म्हटलं, “पण हे हिने केलंय.” आणि सईच्या पाठीवर हात ठेवला. माझी पाठ मात्र तिच्याहून जास्त ताठ झाली होती. ज्या गोष्टीचा विचार करायचा म्हणून आम्ही गेलो होतो, तिचं नावही त्या दिवशी कुणी काढलं नाही.

निकाल आला. फिजिक्समध्ये एक ग्रेड कमी पडली, पण एडिनबराने तिला घेतलं. शेपू आमच्याकडे राहिला. शनिवारच्या सकाळी प्रसन्न त्याला कोमट पाण्यात बसवायचा आणि त्याच्याशी मराठीत बोलायचा, क्रिकेटबद्दल वगैरे. फोन आला की सई आधी विचारायची, “आज किती फेऱ्या?” पुढचा उन्हाळा त्याने पाहिला, दिवाळी पाहिली. फेब्रुवारीत एका सकाळी दिवा लागला आणि त्याने डोकं उचललं नाही. तो वरच होता, खिडकीकडे तोंड करून. सईला सांगताना प्रसन्नच रडला.

पेटी तशीच राहिली होती. मी तिची धूळ पुसायचे, पण हलवत नव्हते. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन आला, लंडनजवळच्या हाउन्सलोच्या एका कुटुंबाला अशीच सोय हवी आहे, देणार का. शनिवारी ते गृहस्थ आले. एअरपोर्टवर कामाला आहेत, रात्रपाळी करून थेट आले होते. त्यांच्या सरड्याच्या मादीचा पुढचा एक पाय जखम चिघळल्यामुळे काढावा लागला होता. पेटी बघून ते हरखले. “किती सुंदर केलंय. अशीच्या अशी नेतो.”

मला बरं वाटलं. शेपूचा चढ कुठेतरी वापरात राहील. मी सईला व्हिडिओ कॉल लावला, आणि ती प्रश्न विचारू लागली. कुठला पाय नाही? वळताना कुठल्या बाजूने वळते? उतरताना तोंड आपटतं का? दिवसभर कशाकडे बघते? शेवटच्या प्रश्नाला ते गृहस्थ म्हणाले, “माझ्या मुलाच्या फिश टँककडे.”

“मग हा चढ काढून टाका,” सई म्हणाली.

“अहो, पण इतकं छान केलंय...”

“ते शेपूला छान होतं. तुमच्या हिला उतारावर पुढचे दोन्ही पाय लागतील, त्यातला एक नाहीये. ती तोंडावर पडेल. आणि तिला वर कशाला जायचंय? फिश टँक खाली आहे ना?”

ते गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. बुचात शेपूच्या नखांच्या बारीक रेघा होत्या. मी त्यांवरून एकदा बोट फिरवलं, आणि ड्रॉवरमधून स्क्रू-ड्रायव्हर आणला. एकेक स्क्रू काढून फळ्या भिंतीशी ठेवल्या. पेटी रिकामी झाली. फोनमधून सई त्यांना सांगत होती, घरी गेल्यावर आधी नुसत्या जमिनीवर तिला चालू द्या, काहीही बनवू नका, मला तेवढा तिचा व्हिडिओ पाठवा, मग आपण बोलू.

मी वेगळं विचारावं असं त्यात काही उरलं नव्हतं. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेले.